नॉर्वेची चिठ्ठी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, ते नीटसं मलाच ठाऊक नाही. आता पेलवत नाही, इतकंच.

घाटकोपरच्या एका कॉलेजात मी शांतता आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा हा विषय शिकवतो. युद्धं का पेटतात, कशी टळतात, समोरच्याची बाजू ऐकून का घ्यायची — बरं शिकवतो, असं मुलं म्हणतात. दरवर्षी वर्गात सुरक्षा परिषद भरवतो. डब्यातून चिठ्ठी काढायची, निघेल त्या देशाच्या वतीने बोलायचं.

सात वर्षांपूर्वी विषय होता सीमेवरचा तणाव. पाकिस्तानची चिठ्ठी ज्याला निघाली, त्याने हातच जोडले. "सर, हे घेतलं तर आई जेवायला वाढणार नाही!" वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. आणि ती चिठ्ठी प्रज्ञाला दिली. तिला नॉर्वे आलं होतं.

"सर, नॉर्वेच राहू द्या ना. ते मध्यस्थी करतात."

"अगं, तू सगळ्यांत चांगलं बोलतेस, म्हणून तर."

तिने भाषण लिहून आणलं. मला जरा मिळमिळीत वाटलं. लाल पेनने मी त्यात दोन वाक्यं घातली — चांगली धारदार. ती बोलली तेव्हा टाळ्या पडल्या. कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. पुढे फिरली ती नेमकी तेवढीच दोन वाक्यं, वर्ग नाही, परिषद नाही, काहीच नाही. तिसऱ्या दिवशी पंधरा-वीस माणसं कॉलेजच्या गेटवर. ही पोरगी कोण?

प्राचार्य मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. मला विचारलं, "देश कोण देतं, सर?"

"चिठ्ठ्या असतात, मॅडम. जो तो आपापली काढतो."

"आणि भाषण?"

"मुलंच लिहितात."

खोटं होतं का हे? दरवर्षीपुरतं खरंच होतं — फक्त त्या वर्षीपुरतं नव्हतं. प्रज्ञा शेजारच्या खुर्चीत होती. मांडीवर बॅग, बॅगेत तो कागद, कागदावर माझं लाल अक्षर. काढून टेबलावर ठेवायचा अवकाश होता. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. वाट पाहत होती का — मी बोलेन म्हणून? मी पंख्याकडे पाहत होतो.

त्या महिन्यात विभागप्रमुखपदासाठी माझी मुलाखत होती. सबब म्हणून सांगत नाही. होती, म्हणून सांगतो. ते पद मला मिळालं.

माफीनामा तिने लिहिला. मजकूर मी सांगितला — हो, तोही मीच. 'माझ्या अविचाराने' असं एक वाक्य होतं, ते सांगताना माझा आवाजसुद्धा हलला नाही. तिचे वडील मरोळच्या एका कारखान्यात फिटर. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. केबिनबाहेर माझे दोन्ही हात धरले त्यांनी. "सर, तुम्ही होता म्हणून निभावलं. नाहीतर पोरीची वाट लागली असती." प्रज्ञा बाजूलाच उभी होती.  मी मान डोलावली.

पदवी झाल्यावर एम.ए. करून हाच विषय शिकवायचा, असं म्हणायची ती. परीक्षा दिली आणि पुन्हा कॉलेजात आली नाही. आता चेंबूरला एका दवाखान्यात रिसेप्शनवर आहे. हे कळायला मला एक फोन पुरला. म्हणजे पत्ता नव्हता, असंही म्हणता येत नाही.

परिषद अजून भरते. तो देश मात्र मी यादीतच ठेवत नाही. मुलं विचारतात, "सर, मग भांडायचं कोणाशी?" मी हसून विषय बदलतो.

तो माफीनामा तिच्या फाइलीत आहे. त्याला जोडून एक पान हवं: चिठ्ठी मी बदलली, ती वाक्यं मी लिहिली, आणि खाली माझी सही. एक प्रत कॉलेजला, एक तिच्या वडिलांच्या हातात. ते पान मी प्रज्ञाला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.