मराठीत मोजणारा बिशू

नागपूरजवळ वाडीच्या आमच्या ट्रान्सपोर्ट गोदामात माल दोन दिवसांत निघून जातो, किस्से मात्र तिथंच पडून राहतात. मी बिल्टी, म्हणजे मालाची पावती, बनवते. माझ्या खिडकीतून सगळं दिसतं आणि नको ते ऐकूही येतं. पूर्वी हे किस्से सांगताना मीच आधी हसायची. आता आधी फाटकाकडे बघते, मग सांगते!

*

बिशू आमचा हमाल. बंगाली, पण जन्म गडचिरोलीकडचा. निर्वासित म्हणून आलेल्या त्याच्या आजोबांना सरकारनंच तिकडे जमीन देऊन वसवलं होतं. पोह्यावर तर्री आमच्यापेक्षा जास्त घेतो. एका नव्या ड्रायव्हरनं विचारलं, "कलकत्त्याचा काय गा?"

"कलकत्ता मी मॅचमध्येच पाहिलं ना भाऊ!"

*

टीव्हीवर घुसखोरांचा विषय निघाला, तसा आमच्या चहातही निघाला. आमचे मुकादम पराते काका, उमरेडचे. त्यांचा आवाज सगळ्यात मोठा. "ज्याच्यापाशी कागद नाही त्याले हाकला! देश काय धर्मशाळा आहे?"

मी म्हटलं, "चोरून येतात त्यांना सरकारनं शोधावंच काका. पण तुमचा जन्मदाखला कुठे आहे?"

काका घरी जन्मलेले, हातमागाच्या खोलीत! दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून उमरेडला गेले. परत आले ते रिकाम्या हातानं. आता विषय निघाला की चहा अर्धा सोडून उठतात.

*

मग पोलिसांचे तपासणीवाले आले. "यहाँ बंगाली कौन बोलता है?"

सगळे पोत्यांकडे वळले. बिशूनंच हात वर केला! "मी बोलतो साहेब. पण मी गडचिरोलीचा आहो."

"गडचिरोलीत बंगाली?" साहेब हसले. आधारकार्डाचा फोटो काढला, "बोलावू तेव्हा ये" म्हणाले आणि गेले.

बोलावणं अजून आलेलं नाही. तेच तर वाईट! बाहेर गाडी थांबली की बिशूच्या हातातलं पोतं सटकतं. खोटं कशाला बोलू, मीही बिल्टी सोडून फाटकाकडे बघते.

*

आमच्याकडे पोती चढवताना मोठ्यानं मोजतात, ज्यानं त्यानं आपल्या भाषेत. बिशू बंगालीत मोजायचा, कधी चुकला नाही. त्या दिवसापासून मराठीत मोजायला लागला आणि एकोणसाठनंतर थेट सत्तर! गाडी अमरावतीला पोचली तेव्हा दहा पोती कमी. मालक असे भडकले की विचारू नका.

मध्ये पडले कोण? पराते काका! "बंगालीतच मोज गा बाबू. मी उभा आहो ना इथं!"

बिशूनं फाटकाकडे पाहिलं आणि पुन्हा "एक, दोन, तीन" सुरू केलं.

*

परवा दुपारी त्याच्या आईचा फोन आला. तिला मराठी बाजारापुरतंच येतं. रोज हा तिच्याशी बंगालीत हसत-खिदळत बोलायचा. त्या दिवशी फाटकाशी एक अनोळखी जीप उभी होती. बिशू माझ्या खिडकीला चिकटला आणि अगदी बारीक आवाजात बोलायला लागला.

"हो आई. जेवलो. बरा आहो. तू औषध घेतलं का?"

पलीकडून आई ओरडत होती, मला इथवर ऐकू येत होतं. हा आपला मराठीतच, "मीच बोलून राहिलो ना आई, मीच!"

फोन कट झाला.

"काय झालं रे? काय म्हणते आई?"

बिशूची नजर जीपवरच होती.

"रडून राहिली ताई. म्हणते, तुम्ही कोण आहा? माझ्या पोराचा फोन तुमच्यापाशी कसा? त्याले कुठे नेलं?"