ढगाळ हिवाळा आणि कोपऱ्यातली पेटी

"पोरगी गुणाची हाय गं, पर बोलतच न्हाई. आमच्या माश्या तरी गुणगुणत्यात."

सासूबाई परसात शेजारच्या काकूंना सांगत होत्या. मी आत भांडी घासत होते. ऐकूच आलं नाही, असं धरून चालले.

न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. बोलणारे सांगून मोकळे होतात. आता यांच्या नोकरीपायी आम्ही शिरवळला खोलीवर राहतो, आणि सकाळी गार वारं सुटलं की सासरचा, कुंडलचा तो पहिला हिवाळा आठवतो. घरामागे सासऱ्यांच्या मधपेट्या होत्या. पहाटे धुकं, दुपारी चटका, मध्येच पाऊस. कोपऱ्यातल्या पेटीतल्या माश्या निम्म्यावर आल्या होत्या. सूर्यफूल फुलेपर्यंत ती पेटी तगेल का, हाच सगळ्या घराला घोर.

* * *

बाहेर फुलं नसली की माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. आत्या, म्हणजे सासूबाई, तो लय मायेनं करायच्या. एकदा पाहुण्यांनी चहाचा घोट घेतला आणि बशीकडे बघत राहिले.

"साखर पेट्यांत गेली," आत्या म्हणाल्या. "गूळ चालंल का?"

* * *

गारठा वाढला तशी पेट्यांवर गोणपाटं चढली. एक कमी पडलं. दुसऱ्या दिवशी माझे वडील खंडाळ्याहून आले, तर लग्नात त्यांनी व्याह्यांना घातलेली मानाची शाल कोपऱ्यातल्या पेटीवर!

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, शालीचं टोक नीट केलं. "पाहुणं, आमच्या घरात मोठी मानसं हीच."

* * *

आभाळ भरलं की शेजारचे द्राक्षवाले अण्णा फवारणीला निघायचे. मामा बांधावर जाऊन विनवायचे, संध्याकाळी मारा, माश्या घरी आल्यावर. अण्णा एकदा वैतागले, "तुमच्या माश्यांचं टाइमटेबल भिंतीवर लावा की गड्या."

यांनी खरंच लावलं. अण्णांनी ते पाळलंही. आभाळानं तेवढं पाळलं नाही.

* * *

पाऊस उघडला आणि बोचरं वारं सुटलं. थंडीत माश्या एकमेकींना बिलगून ऊब धरतात, पेटी उघडली की ती ऊब जाते, हे मला मामांनीच शिकवलेलं. त्या सकाळी मामांनीच कोपऱ्यातली पेटी उघडून पाहिली. ते अंघोळीला गेल्यावर यांनी पाहिली. मग पाक संपला का बघायला आत्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला सगळे दिसत होते. थोड्या वेळानं मामा पुन्हा आले. त्यांनी झाकण उचललं, तसे मागून आत्या आणि हेही येऊन वाकले.

मी पिठाच्या हातानंच बाहेर आले.

"आवं मामा, ठेवा ते झाकण. सकाळपासनं घरातली सगळी बघून गेली. माश्यांना जगायचं हाय, पर तुमी दार लावून घेऊ द्याल तवा."