बिजली दहा पावलांवर थांबते

लीद आणि किस्से, दोन्ही रोजच्या रोज उचलावे लागतात. चार दिवस हयगय केली की ढीग! लीद शेतात तरी जाते, किस्से कुठं टाकायचे? शाळेची पायरी मी चढले न्हाय, वही न्हाय, पेन न्हाय. सगळं डोक्यात. आणि डोकं आता वरपर्यंत भरलंय, म्हणून थोडं तुमच्या अंगणात ओतते.

तर बेळगुंदीच्या कडेला एक घर. घरात एक सासू, ती मी. एक मुलगा सदा, एक सून शांता, एक नात कस्तुरी आणि एक पांढरी घोडी बिजली. घोडी वरातीची. सासू बोलायची, सून बोलायची, घोडी खिंकाळायची. नात तेवढी गप.

ती जन्माची गप न्हवती. सातवीपर्यंत गावच्या शाळेत तिचं तोंड पाण्याच्या मोटरीसारखं चालायचं. आठवीला सदानं तिला बेळगावच्या इंग्लिश शाळेत घातलं. पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "सुट्टीत काय केलंस?" ही उभी राहून म्हणाली, "मिस, आमच्या घोडीला आंघोळ घातलो." ते गावचं बोलणं ऐकून सगळा वर्ग खदाखदा हसला. झालं! त्या दिवशी तोंड मिटलं ते मिटलंच. हजेरीला नुसता हात वर. दुकानात गेली तर बोट दाखवून साखर आणायची. घरात बोलली तर माझ्याशी, तेबी कानात.

शांतानं नवस केले. डॉक्टरनं टॉनिक दिलं. त्यानं पोरगी जाड झाली, बोलली न्हाय. शेवटी सदा म्हणाला, "सहामाहीपर्यंत बघतो. न्हायतर शाळा बंद. रोज रडत जाणं नको पोरीचं."

कस्तुरीला शाळा सोडायची न्हवती. पण ते सांगायलाबी तोंड उघडावं लागतं की!

*

आता बिजली. नाव बिजली, आणि आमच्या गावच्या बिजलीसारखीच, थोडी चालायची आणि जायची! पंधरा वर्षं वराती केल्या तिनं. वरातीत घोडी दहा पावलं चालते, मग पोरं नाचतात, मग परत दहा पावलं. तेच तिच्या अंगात भिनलं. पुढं कुणी नाचल्याशिवाय अकरावं पाऊल टाकायचीच न्हाय!

आता नवरदेवांना मोटार लागते, छत उघडून उभं राहायला. घोडी बसून. एकदा सदा तिला नाल मारायला पिरनवाडीकडं घेऊन निघाला. वाटेत एका घरापुढं मांडव घातलेला. बिजलीनं मांडव बघितला, मान वर केली आणि पुढचे पाय उचलून नाचायलाच लागली. सदा वर बसलेला, लगाम ओढतोय, घामाघूम. कारण मांडव बाराव्याचा! घरचा म्हातारा गेलेला, पंगत बसायची होती.

सगळे खाली मान घालून बसलेले. सदा हात जोडतोय. तेवढ्यात दारातनं म्हातारीच बाहेर आली. घोडीकडं बघितलं, पदर सावरला आणि म्हणाली, "नाचू दे रं तिला. आमच्या मालकांच्या लग्नात घोडं न्हवतं!"

*

मग आले सर. बेळगावात पोरांचे कसले तरी वर्ग घेतात. डोक्याला टोपी, गळ्यात शिट्टी, काखेत फाइल. म्हणाले, "आजी, घोड्याच्या सहवासानं मुलांचा सर्वांगीण विकास होतो. आत्मविश्वास येतो. शनिवार-रविवार मुलं घेऊन येऊ का?"

मी म्हटलं, "विकासाचं मला ठाऊक न्हाय. भूक मात्र सपाटून लागते."

सर म्हणाले, "आधी मी बसून दाखवतो." बसले. "वॉक ऑन!" घोडी ढिम्म. मी म्हटलं, "सर, तिला इंग्लिश येत न्हाय. निपाणीकडच्या शेटजींच्या घरची घोडी, कानडीत वाढलेली. 'नडी' म्हणा, म्हणजे चाल."

"नडी!" दहा पावलं चालली. थांबली.

"आता?"

"आता पुढं नाचायला पायजे कुणीतरी."

सर हसले. त्यांना वाटलं म्हातारी चेष्टा करते. अर्धा तास उन्हात वर बसले. शेवटी उतरले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि टोपी सावरत दोन्ही हात वर करून नाचायला लागले. घोडी निघाली की! पुढं सर नाचतायत, मागनं रिकामी घोडी झुलत येतेय, अशी वरात आमच्या फाटकापर्यंत आली.

समोरच्या घरातली काशी ओट्यावर भाजी निवडत होती. तिनं मान वर केली. "आक्का, नवरदेव कुठं पडला गं?"

*

सरांनी पुढच्या रविवारी सहा पोरं आणली आणि म्हणाले, "कस्तुरी पण येऊ दे." नियम एकच. खरारा करायचा, लीद काढायची, चंदीचा दाणा घालायचा, आणि मग एकेकानं घोडीपुढं उभं राहून मोठ्यानं 'नडी' म्हणायचं. घोडी हलली तर बसायला मिळणार.

कस्तुरीची पाळी आली. पोरगी ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाली. घोडी ढिम्म. मग थोडं मोठ्यानं. ढिम्म. मी तोवर मिश्री लावून मोकळी झालेले, त्याच हातानं घोडीचं नाक कुरवाळायला गेले. तिकडं कस्तुरी डोळे मिटून ओरडली, "नडी!"

आणि बिजलीनं वरचा ओठ उचलून सगळे दात दाखवले. हुबेहूब हसल्यासारखं!

पोरगी हसण्यानंच गप झालेली, आता घोडीबी हसली म्हणजे संपलं! कस्तुरीनं डोळे उघडले. घोडीकडं बघितलं. लई वेळ बघितलं. मग तिनंबी वरचा ओठ उचलला आणि घोडीला सगळे दात दाखवले. दोघी समोरासमोर, दात काढून!

"आज्जी, ही सगळ्यांनाच हसते काय?" चांगलं मोठ्यानं विचारलं. सहा पोरांच्या देखत!

मी हात मागं लपवला. "मिश्रीचा वास आला तर देवालाबी हसंल ती!"

घरी येताना कस्तुरी म्हणाली, "आज्जी, आमच्या वर्गातल्या पोरी हसताना अश्शाच दिसत्यात."

*

त्या सहा पोरांत एक ओम. बेळगावचा, पांढरे बूट, हातात मोबाइल चिकटलेला. पहिल्या दिवशी लीद बघून नाकाला रुमाल लावून गाडीत जाऊन बसला. दुसऱ्या रविवारी रुमाल गेला. तिसऱ्या रविवारी बूट गेले. चौथ्या रविवारी मोबाइल चंदीच्या डब्यात विसरला आणि त्याला संध्याकाळपर्यंत आठवण न्हाय.

एकदा त्याची आई लवकर न्यायला आली. बघते तर लेक अनवाणी, डोक्यावर लिदीची पाटी, तोंडानं गाणं. बाई जागच्या जागी उभी. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "आजी, घरी जेवलेलं ताट उचलत नाही हो हा!"

मी म्हटलं, "मग घरात एक घोडं बांधा की! ताटबी उचलंल, लीदबी उचलंल."

बाई हसली न्हाय. घरात तिसऱ्या मजल्यावर घोडं मावतं का, ह्याचा विचार करत असणार!

*

दुसरा प्रवीण, उचगावचा. हा म्हणजे फटाका. जरा कुणी बोललं की दगड उचलायचा. बिजलीवरबी एकदा डाफरला. तिनं दोन्ही कान मागं टाकले आणि त्याच्याकडं पाठ केली. जेवढा तो ओरडेल तेवढी ती लांब. एक रविवार गेला, दोन गेले. बाकीची पोरं फिरतायत, हा खांबाला टेकून उभा.

मी सांगितलं, "बाळा, तिचे कान बघ. पुढं असले तर जा. मागं गेले तर लांब उभा राहा, श्वास घे, मग जा."

पोरगं कानच बघत बसायला लागलं. महिन्याभरानं घोडी त्याच्या खांद्यावर मान ठेवून झोपायला लागली.

त्याचा बाप त्याच्याहून तापट. एके दिवशी शाळेची वही फाटली म्हणून न्यायला आलेला बाप आमच्या अंगणात त्याच्यावर धावून आला, हात उगारला. प्रवीण दोन पावलं मागं सरला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "आप्पा, तुमचे कान मागं गेलेत. मी जरा लांब उभा राहतो."

बापाचा हात तसाच वर. मग त्याच हातानं त्यानं आपला कान चाचपून बघितला!

*

कस्तुरी आता आमच्या अंगणात बोलायची. ओमला रागवायची, प्रवीणला शिकवायची, सरांना "टोपी काढा, घोडी बुजते" म्हणायची. पण फाटकाबाहेर पाऊल टाकलं की कुलूप. शाळेत तर न्हायच न्हाय. सहामाही महिन्यावर आलेली. सदा कॅलेंडरकडं बघायचा आणि तोंड फिरवायचा.

एका रविवारी ओमला घेऊन बिजली रस्त्यावर गेली, लगाम कस्तुरीच्या हातात. दहाव्या पावलावर घोडी थांबली, ती रस्त्याच्या अगदी मधोमध. समोरनं लाल बस आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, वाजवतोय. बिजलीला हॉर्नचं काय! तिला तो बँडच वाटायचा. ती खुशीत जागच्या जागी डुलते.

ड्रायव्हर खिडकीतनं ओरडला, "ए पोरी, काढ ते घोडं!"

मी फाटकात उभी. धावावं म्हटलं, पण ह्या वयात पोचणार कधी! वर ओम पांढराफटक पडलेला. आता कस्तुरी रडणार, पळून घरात येणार.

कस्तुरी बसपाशी गेली. मान वर केली. "आण्णा, ती वरातीची घोडी हाय. कुणी नाचल्याशिवाय हलत न्हाय. तुम्ही खाली उतरा."

"मी नाचू?"

"मग बस हितंच ठेवायची असली तर ठेवा."

आत एक हशा उठला. बसभर माणसं हसली. मी डोळे मिटले. कस्तुरीचा आवाज परत आला, आधीपेक्षा मोठा. "हसा खुशाल! पण हसून झालं की उतरा. एकट्या आण्णाला नाचायला लावू नका!"

कंडक्टर बसचा पत्रा बडवायला लागला. ड्रायव्हर उतरला. मागनं बाजाराच्या पिशव्या घेऊन चार बायका उतरल्या. एक म्हातारा काठीसकट नाचला. बिजली मान उंच करून अशी निघाली, की वर बसलेल्या ओमनंबी नवरदेवासारखा हात हलवला.

त्या दिवसापासनं ती बस आमच्या फाटकापुढं हॉर्न वाजवत न्हाय. ड्रायव्हर नुसतं डोकं बाहेर काढून विचारतो, "आत हाय काय, बाहेर हाय?"

*

आणि हे शेवटचं.

सहामाहीच्या आठवडाभर आधी शाळेतनं फोन आला. मॅडम म्हणाल्या, "कस्तुरीच्या बाबतीत बोलायचंय. आजच येऊन भेटा."

फोन ठेवून सदा ओट्यावर बसला. शांतानं चूल तशीच सोडली. सदा म्हणाला, "मी काढायच्या आधी त्यांनीच नाव काढलं वाटतं." मी म्हटलं, "मी येते." स्कूटरवर मागं बसले. वाटेत तो एक शब्द बोलला न्हाय. मीबी न्हाय, आणि माझ्या बाबतीत ही साधी गोष्ट न्हाय!

शाळेच्या व्हरांड्यात पोचलो. बघतो तर कस्तुरी वर्गाच्या बाहेर उभी केलेली. भिंतीला पाठ. शेजारी आणखी एक पोरगी, तीबी शिक्षेला. सदाचे पाय तिथंच खिळले.

मॅडम बाहेर आल्या. रागानं लालबुंद. "बघा! तुम्हीच बघा! तीन वेळा सांगितलं, गप्प बस म्हणून. बसत नाही. मी फळ्याकडे वळले की हिचं सुरू. पुढची ऐकते, मागची ऐकते. कसली घोडी, कुठली बस, कोण ड्रायव्हर नाचला! सगळा वर्ग हसतो आणि हिला त्याचं काही नाही, ही आणखी सांगते! बाहेर काढली तर शेजारी उभ्या मुलीला घेऊन बोलतेय. इतकी बडबडी मुलगी मी अख्ख्या नोकरीत पाहिली नाही!"

सदानं कस्तुरीकडं बघितलं. ती शेजारच्या पोरीच्या कानात काहीतरी सांगत होती, दोन्ही हात हवेत.

सदा वळला आणि तरातरा चालायला लागला. मॅडम म्हणाल्या, "अहो, कुठे चाललात? माझं बोलणं संपलं नाही!" त्यानं मागं बघितलं न्हाय. मी मॅडमना म्हटलं, "बसा. येतो तो." मला तरी कुठं ठाऊक होतं!

अर्ध्या तासानं आला. हातात कुंद्याचा डबा, किलोभर खव्याची मिठाई. शिपायाला दिला, क्लार्कला दिला, व्हरांड्यातनं जाणाऱ्या गणिताच्या सरांना दिला. शिक्षेला उभ्या असलेल्या दोघींच्या हातावर एकेक घास ठेवला. मग मॅडमपुढं डबा धरला.

"तोंड गोड करा मॅडम."

मॅडमना काही कळंना. "अहो, मी तुमच्या मुलीची तक्रार केलीय!"

"ऐकलो की मॅडम," सदा डोळे पुसत म्हणाला. "आणखी एकदा सांगता काय?"