मारुतीच्या गळ्यातला कोष

पंचवटीत आमच्या घरामागे रुईचं झुडूप आहे. दर शनिवारी सासरे त्याची अकरा पानं तोडून माळ ओवतात आणि कोपऱ्यावरच्या मारुतीला घालतात. पान अखंडच लागतं, भोक पडलेलं चालत नाही.

मागच्या वर्षी पानांची चाळण व्हायला लागली. चोर मला ठाऊक होता. एका फुलपाखराने पानांखाली टाचणीच्या डोक्याएवढी अंडी घातली होती, त्यांतून काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या निघाल्या आणि रुईचा तो विषारी पाला मिटक्या मारत खाऊ लागल्या. सासऱ्यांना कळतं तर फवारणीच झाली असती. म्हणून मी शेजारच्या काकांच्या शेळीवर आळ घेतला. सासऱ्यांनी काकांशी बोलणं टाकलं, रोज दोघं मिळून मारायचे तो गोदाकाठचा संध्याकाळचा फेराही एकटेच मारू लागले. मला वाईट वाटलं, पण फार नाही.

बाकीच्या अळ्या कुठे गेल्या कोण जाणे. एक मात्र धडक्या पानाखाली उलटी लटकली आणि तिचा फिकट हिरवा कोष झाला. रोज चहाआधी मी त्याला बघून यायचे. शुक्रवारी तो काळपट झाला, आतले नारिंगी पंख दिसायला लागले. एका दिवसाचा प्रश्न होता.

शनिवारी मी न्हाणीघरात असताना सासऱ्यांनी नेमकं तेच पान तोडलं.

ओल्या केसांनीच देवळात पळाले. पुजारी तेलाची वाटी ओतायच्या बेतात होते.

"गुरुजी, तेल नका घालू. माळ ओवताना माझं कानातलं त्यात अडकलंय."

त्यांनी माळ उतरवून दिली. सातव्या पानाखाली कोष शाबूत होता.

"सूनबाई, कानातली दोन्ही कानांतच आहेत," मागून सासरे म्हणाले.

मग सगळं सांगावं लागलं, शेळीसकट, तेही मारुतीसमोर. सासऱ्यांनी दहा पानांची माळ देवाला परत घातली, कोषाचं पान तळहातावर धरून घरी आणलं आणि कपड्यांच्या दोरीला चिमट्याने लावलं.

अकराच्या सुमारास कोष उकलला. आधी चुरगळलेले पंख, मग हळूहळू पसरत गेलेला शेंदराचा रंग, काळी टोकं, त्यांवर पांढरे ठिपके. सासऱ्यांचे हात आपोआप जोडले गेले. मला वाटलं, सुटले.

"छान आहे," ते म्हणाले. "आता संध्याकाळी शेजारी जाऊन ये."

पाचला गेले. काका ओट्यावर बसले होते, फिरायचे बूट घालून. काकू म्हणाल्या, या वेळेला ते रोजच असे बसतात, आणि मग बूट काढून आत येतात.

तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं.