तळ्याकाठच्या लाल खुट्या

मंडळी, हुश्श! माझा प्रोजेक्ट वाचला.

तळ्याचं पाणी किती मागं सरकतंय ते कळावं म्हणून मी कळंब गावाजवळ काठाने लाल फडकी बांधलेल्या खुट्या ठोकल्या होत्या. आज सकाळी बघते तर एकही जागेवर नाही!

काठावर म्हैस धुणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या, "म्याच उपटल्या. आमचं जुनं गाव धरणात गेलं, तवाबी आदी अशाच खुट्या आल्या व्हत्या."

हे मोजमाप तळं राखण्यासाठी आहे, हे मी त्यांना नीट समजावलं. मग त्यांनीच गोठ्यातून खुट्या आणल्या आणि लाल फडकी काढून आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या.

निघताना म्हणाल्या, "पानी मागं सरलं तर पयलं मला सांग, हापिसाला मागनं."

परवानगी तर मी पाटबंधारे ऑफिसचीच घेतली होती. तुम्ही पहिलं कुणाला सांगाल?