डब्यासोबतचा कागद

अक्का निलंग्याहून एसटीनं लातूरला आली आणि चहाआधीच पिशवीतून डबा काढून बसली. वजन उतरवायची भुकटी. तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, पाहून गेलेल्या दोन स्थळांनी 'मुलगी अंगानं जरा जास्त आहे' असं कळवलं होतं, आणि कुणीतरी हा डबा अक्काच्या गळ्यात मारला होता. सोबत इंग्रजी कागद. आमच्यात इंग्रजी कागद माझ्याकडेच येतात. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, एवढं कारण पुरतं.

"बघ बापू, अभ्यास करून काढलंय म्हनं."

वाचून माझं डोकंच सणकलं. अभ्यास कुणी केला, किती माणसांवर केला, पत्ता नाही. भुकटी न घेणाऱ्यांशी तुलना नाही. तळाला बारीक अक्षरांत एक ओळ: या काळात सर्वांचं जेवणही कमी केलं होतं. मला चेव आला.

"अक्का, भुकटीनं काही झालेलं नाही. माणसांची वजनं उतरली ती कमी जेवल्यामुळं. फेकून दे."

"आसं हाय व्हय," म्हणत तिनं डबा टाकून दिला. इतक्या सहज माझं कुणी ऐकत नाही. मी खूश झालो.

पुढं फोनवर कळत गेलं, भाचीनं सोमवार धरलाय. मग गुरुवार. मग शनिवारही. चांगल्या स्थळासाठी मुली उपवास धरतातच, आणि देवाचं म्हटलं की घरात कुणी 'जेव' म्हणत नाही. मीही म्हणालो नाही.

दिवाळीला निलंग्याला गेलो. भाची स्वयंपाकघरातून निघाली ती भिंतीला धरतच. डोळे खोल गेलेले, केस विरळ. पाळीही थांबल्याचं अक्कानं माझ्या बायकोला हळूच सांगितलं. मी अक्कावर ओरडलो, "काय दशा करून ठेवलीस पोरीची!"

ती चिडली नाही, गोंधळली. "तूच सांगितलास न्हवं, कमी खाल्लं की उतरतंय? उपाशी ठिवते म्हणलं तर घरात कोन ऐकतंय? म्हनून उपास धराय लावले."

मी सांगितलेलं सगळं बरोबर होतं. पोरीला मुळात वजन उतरवायची गरज आहे का, हे मात्र मी विचारलंच नव्हतं. मला माझी लाज वाटली.

भाची माझ्याजवळ येऊन बसली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"मामा, आनखी किती उतरल्यावर जेवू?"