तांडेलाच्या मुलीच्या खुणा

आमच्या शिडाच्या बोटीच्या सफरीबद्दल मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे. बोळिंजला आमच्या सोसायटीच्या बाकावर, नात्यातल्या लग्नांत, एकदा तर आगाशीच्या शाळेतल्या मुलांनाही. डॉल्फिन, कारवारजवळची बेटं, केरळच्या किनाऱ्याला लागलो तो दिवस, सगळं रंगवून सांगतो. बोट कशी फुटली हे मात्र एका वाक्यात उरकतो. ते वाक्य लबाडीचं आहे. वीस वर्षांहून जास्त काळ मी ते दुरुस्त करायचं टाळलं. बायको गेल्या वर्षी वारली, आणि आता टाळायला कारण उरलेलं नाही.

मी आगाशीच्या बागायतदार घरातला. नोकरी जहाजावर, पण इंजिनरूममध्ये. पंचवीस वर्षं समुद्रावर काढली असं लोक कौतुकानं म्हणत. खरं म्हणजे ती मी पाण्याखाली, लोखंडी भिंतींच्या आत काढली. समुद्र ओळखायची ती बायको. ती अर्नाळ्याच्या तांडेलाची, म्हणजे मासेमारीच्या होडीच्या म्होरक्याची, मुलगी. त्यांच्यात बायका मासळी विकायच्या, होडीवर जायच्या नाहीत. पण तिच्या वडिलांनी तिला लहानपणापासून एक सवय लावली होती. संध्याकाळी विचारायचे, आज तिथी कोणती, भरती किती वाजता, पानी कुठवर येईल. ती बोटांच्या पेरांवर मोजून सांगायची. भावांना ते कधी जमलं नाही. लग्नानंतरही ती माहेरी गेली की उंबऱ्यातच प्रश्न यायचा. उत्तर बरोबर आलं की सासरे माझ्याकडे असे बघायचे, जणू मला काय मिळालं आहे ते मला अजून कळलेलं नाही.

नोकरी सोडल्यावर मी जुनी बोट विकत घेतली. मुलीला वर्षभर शाळेतून काढलं आणि दिवाळीनंतर आम्ही तिघं दक्षिणेला निघालो. मुलगी बारा वर्षांची होती. केबिनमध्ये एक जण उभा राहिला की दुसऱ्यानं बसायचं, एवढीच जागा. शिडाच्या दोरीवर कपडे वाळायचे. बोट कलली की स्टोव्हवरचा भात धरून ठेवायला बायको आणि गणिताची वही धरून ठेवायला मुलगी, अशी वाटणी होती. मालवणच्या खाली पाणी इतकं नितळ की नांगर टाकल्यावर तो वाळूत रुतलेला दिसायचा. मुलगी मला कप्तान म्हणायची. मला ते फार आवडायचं.

निघण्याआधी सासऱ्यांनी रत्नागिरीच्या बाजूच्या एका खाडीच्या खुणा सांगितल्या होत्या. तरुणपणी वादळात ते तिथं शिरले होते. खुणा मला नाही, तिला सांगितल्या. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरातली खाच एका रेषेत आल्याशिवाय आत वळायचं नाही.

परतताना, फाल्गुनात, दुपारचा वारा समोरून जोरात येऊ लागला आणि त्याच खाडीत आसरा घ्यायचं ठरलं. सुकाणू माझ्या हातात होतं. बायको पुढं उभी राहून किनारा बघत होती.

"अजून पुढं जाऊ द्या," ती म्हणाली. "खाच कळसामागं आली नाही."

माझ्या मांडीवर नकाशा होता आणि त्यात खोल पाणी दाखवलं होतं. तुझ्या बाबांचा जमाना गेला, असं म्हणून मी सुकाणू फिरवलं.

वाळूच्या दांड्यावर बोट आदळली. ओहोटी लागली होती. लाटा आम्हाला उचलून पुन्हा पुन्हा आपटत राहिल्या, तळाच्या फळ्या सुटल्या. मुलीची हनुवटी केबिनच्या चौकटीवर फुटली. भरती आल्यावर तिथल्या मच्छीमारांनी आम्हाला ओढून आत नेलं. त्यांची होडी बरोबर त्या रेषेतून गेली. खाच कळसामागं होती. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे बायकोनंही पाहिलं. मुलीला टाके पडले. बोट मिळेल त्या भावाला विकून आम्ही एसटीनं घरी आलो.

पुढच्या रविवारी अर्नाळ्याला जेवायला गेलो. जावई म्हणून मला पहिली पंगत, पापलेटचा मधला तुकडा. सासऱ्यांनी विचारलं, बोट लागली कशी. मेहुणे हात थांबवून ऐकत होते. मी म्हणालो, "खुणा हिनं सांगितल्या होत्या."

वाक्यात खोटा शब्द एकही नव्हता.

धाकटा मेहुणा हसला. "ताई, तू आपली बाजारात बोंबील वीक." सासरेही हसले, पण उशिरा. म्हणाले, "मंग आता हिला तांडेलाची पोर कोन म्हनंल?"

तिच्या हातात रश्श्याचं भांडं होतं. माहेरच्या पंगतीत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या ताटात आणखी रस्सा वाढला. परतताना रिक्षात मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही असं का सांगितलं?" बायकोनंच तिला गप्प केलं, टाके दुखतील म्हणाली.

त्यानंतर सासऱ्यांनी तिला तिथी विचारणं सोडलं. रागानं नाही, बहुतेक त्यांना तिला पुन्हा चुकताना बघायचं नव्हतं. ती माहेरी गेली की उंबऱ्यात क्षणभर थांबायची. ते चहा घेतेस का, असं विचारायचे. असं सहा वर्षं चाललं. मग ते गेले. त्या सहा वर्षांत मी किती वेळा त्यांच्या शेजारी बसून चहा प्यायलो, आणि बोललो कशावर, तर डिझेलच्या भावावर.

ती आजारी असताना एकदा मी सुरुवात केली होती, त्या खाडीत त्या दिवशी, एवढं म्हणालो. ती म्हणाली, "अहो, आता बाबा कुठं आहेत ऐकायला?" आणि भिंतीकडे वळली. तिचं बरोबर होतं. माफी तिच्या एकटीच्या कानात सांगून भागणारी नव्हती. ती त्या पंगतीत, भरल्या ताटावरून, तिच्या भावांसमोर आणि ती भांडं घेऊन उभी असताना सांगायला हवी होती: मामा, तुमच्या पोरीनं खुणा बरोबर सांगितल्या. मी ऐकलं नाही. मला माफ करा, आणि तिला आजची तिथी विचारा.